/यूएसआर/लोकल कुणाच्या मालकीचं?

मांडवी_भरती
समजा फोंड्यातल्या एखाद्या कॉलेजची लॅब आहे, सगळी मशीनं लिनक्सची, प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं वेगळं. सोर्स कोडमधून बनवलेलं सॉफ्टवेअर सगळ्यांना मिळावं म्हणून /यूएसआर/लोकलला (असं सॉफ्टवेअर बसवायचं सामायिक फोल्डर) ७७७, म्हणजे सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा, मारणं बंद करा. मालक रूट (मशीनचं सर्वाधिकारी खातं), ग्रुप रूट, फोल्डर नि प्रोग्रॅम ७५५ (लिहायची मुभा फक्त मालकाला), बाकी फायली ६४४ (तसंच, पण चालवायची मुभा कुणालाच नाही). कॉन्फिगर आणि मेक (सोर्समधून प्रोग्रॅम बनवणाऱ्या कमांड) साध्या खात्यातून, सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवणं) फक्त मेक इन्स्टॉलला, म्हणजे बनलेलं जागेवर बसवायला. मेकही सुडोने केलं की बिल्डच्या फोल्डरात रूटच्या फायली पडतात, आणि पुढच्या वेळी मेक तिथंच अडतं.

आबोली_४७
म्हणजे लॅब असिस्टंटला सुडो द्यायचा? ती अख्ख्या घराची चावी झाली! त्यापेक्षा ग्रुप स्टाफ करा, असिस्टंटला त्यात घ्या, फोल्डरांना २७७५ (मालक नि ग्रुप दोघांनाही लिहिता येतं). सुरुवातीच्या २ मुळे नव्या फायली आपोआप स्टाफ ग्रुपात जातात. डेबियननं (लिनक्सचा एक प्रकार) वर्षानुवर्षं हेच ठेवलं होतं.

मांडवी_भरती
आणि पाथमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत, कुठल्या क्रमानं शोधायची ती यादी) /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिनच्या आधी लागतं, त्याचं काय? स्टाफमधल्या कुणी तिथं ‘एलएस’ (फायलींची यादी दाखवणारी रोजची कमांड) याच नावाची चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली आणि रूटनं एलएस मारलं, की मशीन त्याचं. डेबियनवर सुडोच्या सिक्युअर-पाथमध्येही (सुडो स्वतः वापरतं ती पाथ) हाच क्रम. स्टाफमध्ये घेणं म्हणजे सुडो देणंच, फक्त लॉगमध्ये न दिसणारं.

शहाळं
भांडा, पण उमास्क (नव्या फायली-फोल्डरांच्या कुठल्या परवानग्या काढून घ्यायच्या तो आकडा) बघा रे. सुडो मारणाऱ्याचा ०७७ असला तर मेक इन्स्टॉलनं केलेले नवे फोल्डर ७०० होतात, म्हणजे फक्त मालकाला खुले. रूटनं चालवून पाहिलं तर सगळं सुरळीत, विद्यार्थ्याला मात्र ‘परमिशन डिनाइड’. आधी उमास्क ०२२ करा. होऊन गेलं असेल तर त्या फोल्डरवर चमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) -आर ए+आरएक्स, त्यातला पहिला आर आणि एक्स कॅपिटल. लहान एक्सनं साध्या मजकुराच्या फायलीही एक्झिक्युटेबल होतात.
टारचंही (अनेक फायली बांधलेला गठ्ठा) तेच. रूटनं उघडलं की आतला मालक तसाच उतरतो. त्या नावाचं खातं इथं नसेल तर खात्याचा क्रमांक धरला जातो, आणि १००० म्हणजे बहुधा लॅबमधलं पहिलंच खातं! --नो-सेम-ओनर लावा.

आबोली_४७
एलएसचं पटलं. मग /ऑप्ट/लॅब हे फोल्डर वेगळं काढा, स्टाफला लिहिण्याची मुभा फक्त तिथं, आणि ते विद्यार्थ्यांच्याच पाथमध्ये, तेही शेवटी. रूटच्या पाथमध्ये नको.

मांडवी_भरती
हे चालेल. रूटनं तिथलं काही पूर्ण पाथ देऊनही चालवायचं नाही, एवढं पाळा.

शहाळं
आणि कुणी अख्ख्या /यूएसआरवर चमॉड -आर ७७७ मारूनच ठेवलं असेल तर सुडोचा सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकारानं चालवणारी खूण) गेलेला असतो, सुडो चालतच नाही. रिकव्हरी मोडमधून रूट व्हा, /यूएसआर/बिन/सुडोला ४७५५ द्या, मग पॅकेजं पुन्हा बसवत बसा.