मदत हवी आहे: पाड्याला पेसा गाव म्हणून मान्यता

नमस्कार मंडळी. आमचा पाडा पालघर जिल्ह्यात, अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात. ग्रामपंचायतीचं मुख्य गाव टेकडीपलीकडे, त्यामुळे पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) 5 टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने स्वतः ठरवून खर्चायचे पैसे, आला तरी पाण्याची टाकी तिकडेच होते. 2014 च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. तसा ठराव केला, निम्म्याहून जास्त मतदारांच्या सह्या-अंगठे घेतले, प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) नावे अर्ज दिला. पोच आहे, पुढे सगळं थंड. कचेरीतले म्हणतात, आधी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणा. सरपंच तो कशाला देतील? असा दाखला खरंच लागतो का? मुदतीत उत्तर आलं नाही तर पाडा आपोआप गाव धरतात, हे बरोबर का? कुणाच्या पाड्याला मान्यता मिळाली असेल तर ठरावाचा नमुना टाका ना.