प्रतिसाद: ३३.६ की ५६के, आमच्या लाईनवर

फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायच्या काळातला मोडेम कोणता बरा, सेकंदाला ३३.६ किलोबिटचा की ५६ किलोबिटचा (५६के), यावर ‘५६के सोडून दुसरा मोडेम घेणं म्हणजे पैसे वाया’ असं एकाने लिहिलंय. ते मत शहरातल्या लाईनपुरतं ठीक. आमच्या खानापूर-निपाणीकडे प्रश्न वेगळा होता. ५६केचा वेग मिळायला सेवा देणाऱ्याच्या टोकाला डिजिटल जोडणी हवी आणि वाटेत फक्त एकदाच अ‍ॅनालॉग रूपांतर व्हायला हवं. तोही वेग उतरवण्यापुरता (डाउनलोड). १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० या ५६केच्या मानकामध्येसुद्धा चढवायचा (अपलोड) वेग ३३.६च. टेलिफोन एक्सचेंजपासून लांब, झाडांतून आलेली तार आणि वर खानापूरचा पाऊस. जोडणीचा वेग घसरणारच! आकड्यापेक्षा खरखरती लाईन धरून ठेवणारा मोडेम महत्त्वाचा.

म्हणून माझं मत पीसीच्या बाहेर ठेवायच्या मोडेमला. आतली स्वस्त कार्डं बहुतेक विनमोडेम, म्हणजे विंडोजच्या भरवशावर सगळं काम प्रोसेसरवर ढकलणारी. लिनक्सवर तर डोकेदुखीच. बाहेरच्यावर दिवे असतात. सीडीचा (कॅरियर डिटेक्ट, जोडणीचा) दिवा विझला की लाईन तुटली, आरडी (रिसीव्ह डेटा) लुकलुकतोय म्हणजे पान येतंय. अडकला तर त्याचंच बटण बंद-चालू करायचं, पीसीला हात लावायचा नाही.

अजून एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. परदेशी बनावटीच्या मोडेमला आपला डायल टोन कित्येकदा ओळखता येत नसे, ‘नो डायलटोन’ म्हणून गप्प बसायचा. मोडेमला एटीएक्स३ (ATX3) ही आज्ञा दिली की टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. जुन्या एक्सचेंजला टोनने नंबर फिरवणाऱ्या एटीडीटीऐवजी (ATDT) पल्सने फिरवणारी एटीडीपी (ATDP). आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की फोनची वायरही काढायची. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही, वीज फोनच्या तारेतूनही येते.