जीप रँग्लरच्या पुढच्या एक्सलवरील अनोळखी व्हॅक्यूम डबी

सप्रेम नमस्कार मंडळी,

मी नुकतीच १९९२ सालची जीप रँग्लर वायजे (रँग्लरची एक जुनी पिढी) घेतली आहे. तिच्या पुढच्या एक्सलच्या (चाके जोडणाऱ्या आसाच्या) उजव्या नळीवर, डिफरन्शियलपासून (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीपासून) थोड्या अंतरावर, बोल्टने बसवलेली एक डबी आहे. तिच्या एका तोंडाला रबरी पाइप जोडलेला असून दुसरे उघडे आहे. फोर व्हील ड्राइव्हचा दांडा पडतो, पण पुढची चाके ओढत नाहीत. हा भाग कशाचा, आणि उघड्या तोंडाला बूच लावले तर चालेल का?

आपला एक सभासद

---

सप्रेम नमस्कार,

आपण जागा नेमकी सांगितलीत, त्यामुळे शंका उरत नाही: ही एक्सल जोडणारी व्हॅक्यूम मोटर, म्हणजे हवेच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) चालणारी डबी आहे. १९८७ ते १९९५ या काळातील वायजेमध्ये चाक फिरवणारा उजवा आतला शाफ्ट (दांडा) दोन तुकड्यांचा असतो, आणि या मोटरचा दुपाखी काटा एक कॉलर (जोडकडे) सरकवून ते तुकडे जोडतो किंवा सोडवतो. इंजिनच्या मॅनिफोल्डमधील (हवा आत घेणाऱ्या नळ्यांमधील) व्हॅक्यूम ट्रान्सफर केसवरील (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद देणाऱ्या गिअरपेटीवरील) स्विचमार्गे येथे पोहोचतो व डायफ्रामच्या (मोटरमधील लवचिक पडद्याच्या) ज्या बाजूला लागतो त्यानुसार काटा सरकतो. कॉलर सुटलेली राहिली, तर इंजिनाची ताकद डिफरन्शियलमधून त्या मोकळ्या तुकड्याकडे निघून जाते आणि डावे चाकही ओढत नाही. आपली तक्रार नेमकी हीच आहे.

म्हणून कृपया बूच लावू नका. त्याने एक्सल जोडला जाणार नाही. असा भाग आकारावरून ओळखू पाहणे फसवे असते, कारण अशा डब्या इंजिनाभोवतीही अनेक असतात. पाइप कोठून येतो ते हाताने चाचपत शेवटपर्यंत जाणे हाच खरा मार्ग आहे. आपला सुटलेला पाइप बहुधा ट्रान्सफर केसजवळ किंवा वाटेतच तुटून लोंबत असेल, कारण जुने पाइप उष्णतेने कडक होऊन सांध्यापाशी चिरतात.

नवी मोटर मागवण्याआधी हातपंपाने तिच्या एका तोंडाला सुमारे १५ इंच पाऱ्याइतका (हे व्हॅक्यूमचे माप पंपाच्या काट्यावर दिसते) व्हॅक्यूम द्यावा आणि मोटरचा काटा अर्धा मिनिट धरून राहतो का ते पाहावे. काटा टिकला तर दोष पाइपांत किंवा स्विचमध्ये शोधावा. पाइपात गिअर ऑइल आढळल्यास मात्र मोटरचे सील गेलेले असते. तेव्हा केवळ पाइप बदलून भागत नाही आणि एक्सलमधील तेलाची पातळीही तपासावी लागते.

आपला स्नेहांकित