शब्दचर्चा: चित्रपटातला ‘रझाकार’ नेमका कोण?

मांजराकाठ: हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या चित्रपटांत निजामाकडचा प्रत्येक बंदूकवाला ‘रझाकार’च असतो. नाक्यावरचा शिपाई, झडती घेणारा अधिकारी आणि घोषणा देत गावात शिरणारी टोळी, या तिघांना हा एकच शब्द चालेल का?

बालाघाट: नाही चालणार. अरबी ‘रज़ा’ म्हणजे राजीखुशी, संमती. त्याला फारसी ‘कार’ लागून रझाकार, म्हणजे स्वयंसेवक. आपली ‘रजा’ही त्याच घरातली: आधी परवानगी, मग सुट्टी. रझाकार हे सरकारी नोकर नव्हते. ते इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचं सशस्त्र दल आणि त्यांचा म्होरक्या लातुरात वकिली केलेला कासिम रझवी. निजामाची पगारी फौज वेगळी, तिचे सेनापती जनरल अल इद्रूस. १८ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढे शरण आले ते इद्रूस. त्या दृश्यात रझवीला उभं केलं की सगळा अर्थच बदलतो.

नाक्यावरचा माणूस करोडगिरीचा, म्हणजे जकात खात्याचा. सरहद्दीवरच्या कॅम्पांतले मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते या नाक्यांवर चालून जात ते सरकारी सत्तेची खूण म्हणून. तिथे रझाकार बसवले तर हल्ल्याचं कारणच प्रेक्षकाला कळत नाही. झडती घेणारा ‘अमीन’, म्हणजे फौजदार. त्याच्या वर ‘मोहतमीम’, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख. हमखास चुकतो तो ‘तालुकदार’: अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. तालुक्याला तहसीलदारच असे.

गोदाकाठ: ‘निजामशाही’ही जपून वापरा. इतिहासात ती अहमदनगरची, १६३६ला संपलेली. हैदराबादची ती आसफजाही. जुनी माणसं म्हणत ‘मोगलाई’, कारण पहिला निजाम मुघलांचा सुभेदार होता. पात्राच्या तोंडी मोगलाईच शोभेल.

पडद्यावरच्या कागदांचंही तसंच. दप्तर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात बदलतं, म्हणून सप्टेंबर १९४८च्या हुकुमावर १३५७ हवं, १३५८ नव्हे. पैसा हाली सिक्क्याचा, म्हणजे संस्थानाच्या स्वतःच्या नाण्याचा, इंग्रजी रुपया तो ‘कलदार’. भाव ७ हालीला ६ कलदार. सोलापूरहून आलेलं पात्र कलदार काढतं आणि दुकानदार वटाव, म्हणजे भावातला फरक, न करता हालीसारखाच घेतो, हे खटकतं.

मांजराकाठ: आणि ‘पोलीस ॲक्शन’, म्हणजे सप्टेंबर १९४८ची भारताची कारवाई? एका पटकथेत खाकीतले पोलीस सरहद्द ओलांडताना लिहिलेत.

बालाघाट: नावावर जाऊ नका. कारवाई भारताच्या अंतर्गत कारभारातली ठरावी म्हणून ‘पोलीस’ म्हटलं. आली ती फौज, रणगाड्यांसह. १३ सप्टेंबरला मुख्य चाल सोलापूरहून नळदुर्गमार्गे. मराठीत ‘मुक्ती’, उर्दूत ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव. घटना एकच, पण कोणत्या पात्रानं कोणता शब्द उच्चारला यावरून तो कुठल्या बाजूचा हे कळतं. निवेदकाला मात्र तिन्ही ठाऊक असायला हवेत.

बहुतेक पटकथा १७ सप्टेंबरच्या झेंड्याशी थांबतात. मला हे मोठं उणं वाटतं. भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान, आणि ‘रझाकार’ हा शिक्का त्यात शेतकरी-विणकरांवरही बसला. शब्द सैल झाला की काय होतं ते इथं दिसतं. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे तितकंच खरं. दोन्ही दाखवायचं तर शब्द घट्ट हवा.

गोदाकाठ: बोलीत दोन वापर आहेत. ‘रझाकाराच्या टायमाला’ म्हणजे कारवाईआधीचा काळ, ‘ॲक्शन झाल्यावर’ म्हणजे त्यापुढचा. आजीच्या तोंडी पहिला घातलात तर प्रसंग सप्टेंबरच्या आधीचाच ठेवा.