नुसता वैदू-भगतांचा अभ्यास नव्हे

वैद्यकीय मानवशास्त्र (आजार आणि उपचार यांचा समाजाशी असलेला संबंध अभ्यासणारी शाखा) म्हणजे वैदू-भगतांच्या नोंदी, त्यात विद्यापीठीय कारकीर्द ती काय होणार, असे एक मत ऐकायला मिळते; ते मला पटत नाही. फ्रेंच अभ्यासक दिदिए फासँ आधी डॉक्टर होते. पुढे मानवशास्त्राकडे वळून त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील एड्सचा प्रश्न वर्णभेदाच्या इतिहासाशी जोडून अभ्यासला आणि २००९ मध्ये ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक झाले.

आरोग्याचा प्रश्न समाज आणि सत्ता यांच्याशी कसा जोडलेला असतो, याचे आमच्या इंदूरचेही एक उदाहरण आहे. होळकर दरबारासाठी १९१८ साली नगररचनेचा अहवाल लिहिणारे पॅट्रिक गेडिस (हे मुळात जीवशास्त्रज्ञ) यांनी प्लेगच्या त्या दिवसांत असे जाहीर करविले की, दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता ज्या भागातील लोक घरे-रस्ते सर्वांत स्वच्छ करतील तिथून जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा देखावा होता आणि सफाई कामगारांनाही मानाने सामील केले होते. त्याच रोगासाठी १८९७ साली पुण्यात गोरे सोल्जर घरांत शिरून झडत्या घेत होते, हे आठवले म्हणजे आरोग्य आणि सत्ता यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अर्थात, इंदूरची ही हकीकत बहुधा गेडिस यांच्याच बाजूने सांगितली जाते. मिरवणूक संपल्यावर त्या सफाई कामगारांच्या वाट्याला काय आले, हे विचारायला तेव्हा एखादा मानवशास्त्रज्ञ हवा होता.