गावरान भाज्यांचं बी कसं जपायचं यावर मराठी पुस्तक सुचवा ना (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आमच्या आजीचा गावरान दुधी होता, आखूड नि पोटाला फुगीर, बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची ती. ती गेल्यापासून मीच लावतेय, पण मागच्या पावसाळ्यात शेजारच्या मळ्यात हायब्रीड दुधी होता आणि यंदा तेव्हा धरलेल्या माझ्या बियांच्या वेलांना लांबडे सरळ दुधी लागलेत, म्हणजे पराग मिसळलेच. आता मडक्याच्या तळाशी जुन्या फक्त 22 बिया उरल्यात, खूप जीव अडकलाय त्यात.

टोमॅटो, घेवडा यांचं बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं पण वेलभाज्यांचं मधमाश्या-पाखरं इकडचं तिकडे करतात, त्यात दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं मग कळीला दोरा नेमका कधी बांधायचा, हाताने पराग कसा लावायचा, बीसाठी किती वेल ठेवायचे, असं सगळं चित्रांसकट सांगणारं पुस्तक हवंय. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या, गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंबद्दल (2020 ची पद्मश्री) भरपूर वाचलंय, फार आदर वाटतो, पण मला आता प्रत्यक्ष कृती पाहिजे. कृषी विद्यापीठाची एखादी पुस्तिका असली तरी चालेल, इंग्रजीही चालेल पण आपल्या हवामानाचं असावं. कोणी स्वतः वापरलेलं पुस्तक असेल तर प्लीज नाव सांगा, कुठे मिळेल तेही.