भावाच्या बिडीनं मेंदू आकसला म्हणते, खरं हाये का?

धुऱ्यावरचा:
मोठ्या भावाले स्किझोफ्रेनिया हाये, 11 वर्ष झाले, ओलान्झापिनची गोळी चालू हाये. बिडी दिवसाले दोन कट्टे. मागं चक्कर येऊन पडला तं सीटी स्कॅन काढला, रिपोर्टात लिवलं का मेंदू वयाच्या मानानं थोडा आकसला. आता मायपासून पानठेलेवाल्यापर्यंत सगळे म्हणून राह्यले बिडीनं मेंदू वायला, अन् बाबा म्हणते उद्यापासून बिडी बंद, नाई ऐकलं तं खोलीत कोंडा. काय करू?

गोळ्यावाला:
भाऊ, स्किझोफ्रेनियात मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसतात हे 1976 मध्येच सीटी स्कॅनवर सापडलं होतं. आणि आजार नसलेल्या सिगरेटवाल्यांच्या मेंदूचं वरचं आवरणही पातळ सापडलेलं आहे. मग दोन्ही एकाच माणसात असले की कोणाचा वाटा किती, हे एका फोटोवरून कोण सांगणार? वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचाही परिणाम असू शकतो. रिपोर्टात बिडीचं नाव लिहिलंय का? नसेलच.

पण एकदम बंद करू नका, त्याचं कारण वेगळं आहे. धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि तेच ओलान्झापिन, क्लोझापिन ही या आजाराची औषधं तोडतं, म्हणून बिडीवाल्याला डोस जास्त लागतो. बिडी सुटली की काही दिवसात एन्झाइम थंडावतं अन् तोच डोस जड जातो. आधी डॉक्टरांना सांगा, मग सोडवा.

वऱ्हाडी पोट्टा:
मंग खर्रा (तंबाखू-सुपारी) द्या ना त्याले, धूरच नाई 😀

गोळ्यावाला:
हसू नका, असं खरंच करतात लोक. एन्झाइमवर काम धूर करतो, तंबाखूतलं निकोटिन नाही. म्हणजे खर्ऱ्यावर आला तरी औषध रक्तात वाढणारच, वरून काही वर्षांनी तोंड उघडणं बंद होऊ शकतं.

काकाची पुतणी:
आमच्या काकाले क्लोझापिन होतं, वॉर्डात भरती केलं तं बिडी आपोआप बंद, कोणी विचारलं नाई अन् आम्हीबी सांगितलं नाई का हे रोजचे 30 ओढते. पाच-सहा दिवसात लाळ गळे, जेवता जेवता डोळे मिटे, आम्हाले वाटलं आजार वाढला. डोस कमी केला तवा माणसात आले. आणखी एक, तुमच्या भावाच्या हातची बिडी हिसकू नका. निकोटिननं थोडा वेळ चित्त लागते असं डॉक्टर म्हणे, पण मले वाटते गावात यांच्याशी बोलणारं कोणी नसते, पानठेल्यावर तेवढं कोणी नाव घेऊन हाक मारते.

धुऱ्यावरचा:
बाबाले वाचून दाखवलं, कोंडायचं रद्द. डॉक्टरची तारीख मंगळवारची हाये, तंवर रोजच्या बिड्या मोजून वहीत लिवतो. चक्कर गोळीची का बीपीची तेबी विचारतो.

काकाची पुतणी:
तारखेच्या आधी कई अडलं तं टेली मानस, म्हंजे मनाच्या आजारासाठी सरकारी मदतीचा फोन, त्याचा नंबर 14416, फुकट हाये, मराठीत बोलते.